कुंकवाच्या घरात चुना

गुरुजी, तुम्ही सोलापूरला जाताना फळ्यावर जो प्रश्न लिहून गेलात, त्याचं उत्तर मला माहीत आहे. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. सांगायला मात्र आत्ता बसलेय, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर. उशिरा येणाऱ्या पोरांचा तुम्हाला किती राग यायचा ते आठवतंय, म्हणून आधीच कान पकडते. निमित्त तसं फुसकंच आहे. परवा माझ्या पणतीला वाढदिवसाला कुणीतरी रसायनांच्या खेळाची पेटी दिली. आत प्लास्टिकच्या नळ्या, बोटभर हातमोजे, डोळ्यांना लावायचा चष्मा आणि सात पुड्या. पोरगी सहा वर्षांची, जीभ साठीची. पेटी घेऊन आली आणि म्हणाली, पणजी, तू शाळेत हेच शिकवायचीस ना, मग यातलं सगळ्यात भारी काय ते दाखव. मी पुड्यांवरची नावं वाचली. एक हळदीची होती, एक चुन्याची. कुंकवाचं नाव त्या पेटीत कुठंच नव्हतं, तरी मला तेच दिसलं. उद्या करू म्हणून मी झाकण लावलं. तीन दिवस झाले, ती रोज येऊन विचारते आणि मी, चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, रोज तिला नवी थाप मारते.

तुमची शाळा म्हणजे मठामागची पडवी. जळकोटपासून दोन कोसांवर, सडकेला लागून आपलं गाव. राज्य निजामाचं, सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. तुम्ही आम्हा अठरा पोरांना मराठीतून शिकवायचात आणि त्याची परवानगी कधी असायची, कधी नसायची. नसली की आमच्या पुढ्यात टाळ असायचे. सडकेवरून कुणी डोकावलं की टाळ वाजवायचे, झालं भजन. खोटं भजन करायला आम्हाला फार मजा यायची. तेव्हा तुमच्या कपाळावर घाम यायचा, ते मला पुष्कळ वर्षांनी आठवलं. तुमच्या हजेरीत आमची घरची नावं नव्हतीच. जी वस्तू फोडून, कुटून, जाळून शेवटी तीच राहते ती मूळ वस्तू, असं तुम्ही सांगितलंत आणि प्रत्येकाला एकेक वाटून दिलीत. लोहाराचा थोरला म्हणजे लोखंड. तांबूस केसांची सुताराची पोर तांबं. एका जागी न बसणारा तो पारा आणि ढकलल्याशिवाय न उठणारा तो शिसं. माझे हात बारा महिने हळदीनं पिवळे, म्हणून मी गंधक. सोनं सगळ्यांनाच हवं होतं, तुम्ही ते कुणालाच दिलं नाहीत. सोनं सहसा कुणाशी जुळवून घेत नाही, एकटंच चकाकत बसतं, असलं कुणी व्हायचं नाही, म्हणालात. स्वतःसाठी कोळसा घेतलात, कारण कोळशाचं सगळ्यांशी जमतं. तुम्ही म्हणायचात, गंधक? मी म्हणायची, हाजिर. शेवटी आम्ही सगळे मिळून ओरडायचो, कोळसा? आणि तुम्ही खाली मान घालून, उशिरा आलेल्या पोरासारखे, "हाजिर जी" म्हणायचात.

सामान म्हणाल तर अत्तारचाचाच्या दुकानातल्या पुड्या आणि आमच्या आयांची स्वयंपाकघरं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तुम्ही लोखंडी सुई बुडवलीत, ती तांब्याच्या रंगाची होऊन बाहेर आली. लोखंड उठून रडायलाच लागला, की तांबीनं माझा रंग पळवला. पपईच्या पानाच्या देठाची नळी करून आम्हाला चुन्याच्या निवळीत फुंकायला लावलंत, स्वच्छ निवळीचं दूध झालं आणि शिसं ते प्यायला निघाला, तेव्हा तुम्ही त्याला शेंडी धरून मागं ओढलंत. पण माझा जीव जडला तो हळदीच्या कागदावर. हळदीत बुडवून वाळवलेला कागद, त्यावर निवळीचा थेंब पडला की तिथं लालभडक. तुम्ही म्हणायचात, चुन्यानं हळदीला डिवचलं, हळद रागावली. मग लिंबाचा थेंब टाकायचा, की राग उतरून पुन्हा पिवळी. याला तुम्ही समजूत काढणं म्हणायचात. तुमचा नियमच होता, समजूत काढल्याशिवाय शाळा सुटायची नाही. कुणाचा कागद लाल राहिला असेल तर त्याच्यासाठी सगळी शाळा थांबायची. उपाशीपोटी आम्ही त्या पोराला शिव्या द्यायचो आणि लिंबू शोधून आणायचो.

हे रुसणं-फुगणं तुम्ही आमच्याच घरून नेलं होतंत, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं घर कुंकवाचं. हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, जात्यावर दळायची, आणि अप्पांनी ते कुंकू तुळजापूरच्या दुकानांत पोचवायचं. एखादा घाणा बिघडला तर माझी आई, अव्वा, 'बिघडला' म्हणायची नाही, 'रुसला' म्हणायची, आणि तो सगळा तुळशीखाली पुरायची. त्यातलं चिमूटभरही उकिरड्यावर जाता कामा नये, सगळं देवीचं. तुम्ही पहिल्यांदा आमची कुंकवाची खोली बघायला आलात तो दिवस मला पाठ आहे. तुम्ही उंबऱ्यावर पाय ठेवलात आणि अव्वा, जी परक्या पुरुषासमोर पदराआडून बोलायची, ती आडवी आली. तुमच्या अंगठ्याला पानाचा चुना लागला होता. ती म्हणाली, "गुरुजी, हात धुवा आधी. कुंकवाच्या घरात चुना चालत न्हाय." अप्पांनासुद्धा तंबाखू मळली की तीनदा हात धुवावे लागत. तुम्ही मुकाट्यानं हात धुतलेत, नखं घासलीत आणि मग विचारलंत, का चालत नाही? अव्वा म्हणाली, देवीला चालत न्हाय, दुसरं काय. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी नंतर माझ्या वर्गातल्या एखाददुसऱ्या पोराच्या तोंडावर बघितलंय, भूक लागल्यासारखं.

मग ते वर्ष आलं. निजामाच्या बाजूच्या त्या हत्यारबंद टोळ्या. 'त्यां'चं नाव आमच्या घरात कुणी घ्यायचं नाही, 'आले' एवढंच म्हणायचे, की माणसं जात्यावरून उठून आतल्या खोलीत. भीती रात्रीची असते असं लोक सांगतात. आमची भीती भर दुपारची होती. सडकेवरून लॉऱ्या जायच्या, त्या वेशीपाशी हळू झाल्या की सगळं गाव श्वास धरायचं, आणि पुढं निघून गेल्या की कुठंतरी एखादं तान्हं रडायला लागायचं, इतका वेळ त्याचं तोंड दाबलेलं असायचं. सोलापूरकडं निघून जाणारी घरं वाढली. पोलिसांच्या अमीनसाहेबानं अत्तारचाचाला ताकीद दिली की बंदुकीच्या दारूला लागणारा गंधक आणि सोरा मागायला येईल त्याचं नाव चावडीवर कळवायचं. तुम्ही मूळ वस्तूंची पेटी ज्वारीच्या कणगीत पुरलीत. आणि मी शहाणी, त्याच आठवड्यात चावडीसमोरून जाताना पाऱ्यानं हाक मारली म्हणून भर रस्त्यात ओरडले, "मी गंधक, हाजिर." तुम्ही कुठून आलात कळलं नाही. माझं मनगट धरलंत, ओढत गल्लीत नेलंत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "पुन्हा हे नाव रस्त्यावर काढलंस तर शाळेत येऊ नको." तुम्ही कधी कुणावर हात उगारला नव्हता. मनगटावर चार बोटं उमटली, त्याचं मला काही वाटलं नाही. तुमचा हात थंडगार होता, त्यानं मी घाबरले. मोठी माणसं भितात हे मला त्या गल्लीत कळलं. त्यानंतर हजेरी कुजबुजत व्हायला लागली.

शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हाला सांगितलंत की सोलापूरला जाऊन तीन दिवसांत येतो. काकूंसाठी तिथं खोली बघायला चालला होतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काकू म्हणायचो खरं, पण तुमच्याशी लग्न होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, आमच्या ताईच्याच वयाच्या. आम्हाला तुम्ही एवढंच सांगितलंत, की तिथून असा एक धातू आणतो जो वातीसारखा जळतो आणि ज्याच्या उजेडाकडं बघवत नाही. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलंत, कुंकवावर चुन्याची निवळी पडली तर काय होईल? सगळी पोरं म्हणाली, आणखी लाल होईल. मीही तेच म्हणाले, आणि माझं उत्तर कुंकवाच्या घरचं म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही." गुरुजी, मास्तरला माहीत नसतं हे मी तोवर ऐकलं नव्हतं. आल्यावर सगळे मिळून बघू, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं बजावून तुम्ही फळा न पुसता निघालात. मी मात्र त्या शब्दांनी पेटले होते. जे गुरुजींना माहीत नाही ते मला आधी कळणार, एवढंच डोक्यात. वय वर्षं नऊ, अक्कल शून्य.

घरी करणं शक्यच नव्हतं. घरात चुना आणला असता तर अव्वानं सोलून काढलं असतं. तुमच्या घरी मला मोकळीक होती, कुंकवाची पुडी पोचवायला मीच तर यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दौतीत निवळी भरून आणली. काकू मागच्या अंगणात पाट्यावर काहीतरी वाटत होत्या, पाट्याचा आवाज येत होता. कोनाड्यात आरशाशेजारी त्यांचा लाकडी करंडा. मी झाकण काढलं. आमच्याच घाण्यातलं कुंकू होतं, चांगलं मुरलेलं, मी ते वासानं ओळखते. एक थेंब टाकायचा होता. हात हलला आणि दौतीतली निम्मी निवळी सांडली. आणखी लाल झालं नाही, गुरुजी. क्षणभर हिरवट दिसलं आणि मग काळं, तव्याच्या बुडासारखं. मी बघत राहिले. सवाष्णीचं कुंकू मी काळं केलं, नवरा बाहेरगावी असताना. आमच्या घरात 'काळा' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. तेवढ्यात पाटा थांबला, बांगड्या वाजल्या, मी झाकण लावलं आणि समजूत काढायला लिंबू आणावं म्हणून घराकडं पळाले. परत आले तोवर तुमच्या दारात शेजारच्या बायका येऊन बसल्या होत्या. सरहद्दीच्या नाक्यावर काहीतरी झालं, सोलापूरहून येणाऱ्या गाड्या अडवल्या, असं कुणी सांगत आलं होतं.

तिसरा दिवस गेला. मी दिवसातून चारदा तुमच्या दारावरून जायची आणि दरवेळी आत माणसं असायची. चौथ्या दिवशी अव्वा काकूंजवळ बसायला गेली आणि मला बरोबर नेलं. मला वाटलं, करंडा तसाच बंद असला तर बरं. काकूंच्या कपाळावरचं कुंकू दोन दिवसांचं, फिकट झालेलं, त्यांना अंघोळीचीही शुद्ध नव्हती. बोलण्यात फारसं काही नव्हतंच, येतील, येतील, एवढंच सगळ्या म्हणत होत्या. मग अव्वा निघायला उठली. सवाष्ण घरातून निघते तर हळदीकुंकू न लावता कशी जाईल? काकू सवयीनं उठल्या, कोनाड्यातून करंडा काढला, झाकण उघडलं. बोट आत गेलं आणि तिथंच थांबलं. जवळ बसलेली पाटलीण आजी वाकून बघते आणि छातीला हात लावते, ते मला आत्ता इथं दिसतंय. अव्वानं करंड्याकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं. माझ्या पिवळ्या बोटांच्या टोकांवर निवळीचे लाल डाग होते, दोन दिवस माती लावून घासले तरी गेले नव्हते. अव्वानं झाकण ओढून घेतलं आणि म्हणाली, "आमचाच घाणा रुसलाय, काकू. दुसरं पाठवते." पाटलीण आजी म्हणाली, कुंकू असं काळं पडत नसतं बाई. मी एक वाक्य बोलायला हवं होतं, चुना पडलाय, माझ्या हातून पडलाय. नऊ वर्षांच्या पोरीला फार तर मार बसला असता. मी हात पाठीमागं लपवले.

घरी आल्यावर अव्वानं माझे हात धरले आणि चिंचेच्या पाण्यात घासले. डाग पिवळे झाले. एक प्रश्न विचारला नाही, एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. त्या वर्षी गावातल्या बायकांनी आमच्याकडचं कुंकू नेलं नाही, तरी ती गप्प राहिली. तिला कशाची भीती वाटली ते आता मी सांगू शकते. गुरुजींच्या बायकोचं कुंकू काळं करणारी पोर म्हणून मला गावानं जन्मभर ओळखलं असतं.

सहाव्या दिवशी अत्तारचाचा तुमची पिशवी घेऊन आला. नाक्याच्या अलीकडं ओढ्यात पिशवी सापडली, माणूस न्हाय सापडला, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं आणि उंबऱ्यावरच बसला. पिशवीत तुमचं धोतर, खडूंचा पुडा आणि एका कागदात गुंडाळलेली राखाडी पट्टी. बायकांनी काकूंना धरलं. पाटलीण आजीच म्हणाली, माणूस डोळ्यांनी दिसलं न्हाय, कुंकू पुसायचं न्हाय, बारा वर्षं वाट बघायची असती. रीत तशीच आहे, आमच्याच गावात दोघीजणी अशा वाट बघत म्हाताऱ्या झाल्या होत्या. काकू ऐकून घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "मला देवीनं परवाच सांगितलंय." पदराचं टोक घेऊन त्यांनी आपल्या हातानं कपाळ पुसलं. मी भिंतीला टेकून उभी होते. बारा वर्षांचं कुंकू होतं ते, गुरुजी, आणि माझ्या निम्म्या दौतीनं ते पुसलं.

पुढं राज्य बदललं, तुरुंगांची दारं उघडली, माणसं दाढ्या वाढवून परत यायला लागली. मी सडकेवर जाऊन बसायची. तुम्ही यावं असं वाटायचं, आणि तुम्ही आलात तर काकूंचं कोरं कपाळ बघाल, काय झालं विचाराल, ही भीतीही वाटायची. तुम्ही आला नाहीत. पडवीत नवीन मास्तर आले, त्यांनी आमची घरची नावं लिहून घेतली. एका मधल्या सुट्टीत पाऱ्यानं सहज हजेरी घेतली, लोखंड, तांबं, शिसं, गंधक, सगळे हाजिर. मग सवयीनं तो म्हणाला, कोळसा? त्यानंतर आम्ही तो खेळ खेळलो नाही.

काकू सोलापूरला भावाकडं गेल्या, शिवणकाम शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मी बी.एस्सी. झाले आणि पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले, तेव्हा मनाशी ठरवून गेले होते की आज सांगायचं. त्यांनी चहा टाकला, ट्रंक उघडली आणि ती राखाडी पट्टी माझ्यापुढं ठेवली. तुझ्या गुरुजींनी काय आणलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, तू एवढी शिकलीस, बघ. मी ब्लेडनं पट्टी खरवडली, सांडशीत धरून स्टोव्हवर नेली आणि त्यांना म्हटलं, सरळ बघू नका. त्या स्वयंपाकघरात जो उजेड पडला तो तुम्ही आम्हाला दाखवणार होतात. भांडी, भिंती, काकूंचं कोरं कपाळ, सगळं पांढरंफटक. विझल्यावर सांडशीत चिमूटभर पांढरी राख राहिली. काकूंनी ती राख बशीत झटकून घेतली. मग हसल्या, मला वाटतं तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "लोक म्हणतात, कसं सोसलंस. अगं, मला आधीच सांगितलं होतं तिनं. करंड्यातून सांगितलं. वाट बघत बसले असते तर वेडी झाले असते मी." आता सांगा, गुरुजी, मी काय बोलायचं होतं? टाकणखाराच्या कुंकवावर चुना पडला की ते काळं होतं, असं पुस्तकात आहे, पान मला तोंडपाठ होतं. ज्या आधारावर ती बाई उभी होती तो देवीचा नसून माझा होता, हे तिला सांगायचं? मी चहा प्यायले आणि घरी आले. मनात आनंदही झाला, सुटल्याचा. त्याची लाज वाटते. नंतर पस्तीस वर्षं त्या जगल्या, मी दर दिवाळीला जायची आणि दर दिवाळीला भ्यायची. आता त्याही नाहीत.

मी शिकवलं तसंच, जसं तुम्ही शिकवलंत. माझ्या वर्गातही लोखंड, तांबं, पारा होते. सोनं कुणालाच दिलं नाही. कोळसा मी स्वतः घेतला नाही, ती जागा मोकळी ठेवली, पोरं विचारायची तर मी म्हणायची, येतील. मोरचूद दाखवलं, पपईच्या देठातून फुंकायला लावलं, पोरं खदाखदा हसली, काही पुढं डॉक्टर-इंजिनियरही झाली. कुंकवाचा प्रयोग तेवढा एकदाही केला नाही. पाठ्यपुस्तकात नव्हता म्हणून बरं झालं. पोरांना मी छातीठोकपणे सांगायची की शकुन-अपशकुन असं काही नसतं, आम्ल असतं आणि अल्कली असतं. घरी आल्यावर नवरा बाहेरगावी असला की स्वतःचा करंडा कपाटात कुलूप लावून ठेवायची. हसा खुशाल.

तर उत्तर असं, गुरुजी. कुंकवावर निवळी पडली तर ते काळं होतं, आणि लिंबू पिळलं तर परत लाल होतं. दुसरा भाग पुस्तकातला आहे, मी पाहिलेला नाही. हे पत्र कुठं टाकणार? घडी घालून पणतीच्या त्या पेटीच्या तळाशी ठेवीन, तिला अजून मराठी नीट वाचता येत नाही. पण वर एक वाक्य खोटं लिहिलंय. लिंबू आणायला मी घरी पळाले नव्हते. अर्धं लिंबू सुरुवातीपासून माझ्या डाव्या मुठीत होतं. तुमचा नियम माहीत होता, समजूत काढायची म्हणूनच नेलं होतं, आणि बांगड्या वाजल्या तरी काकूंना आत यायला अजून वेळ होता. मला वाटलं, पिळलं आणि तरीही ते लाल झालं नाही तर? म्हणून पिळलं नाही. मठामागच्या बांधावर बसून ते लिंबू मी सालीसकट खाऊन टाकलं.